चेलो वाजवायचा, चेलो शिकवायचा

घरातल्या मुलाने किंवा मुलीने चेलोवादनातच पुढे जायचं ठरवलं, की दोन प्रश्न हमखास निघतात. यात नाव होईल का? आणि यावर घर चालेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही. दुसऱ्याचं देता येतं. पाश्चात्त्य अभिजात संगीतात चेलोवर घर चालवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण निव्वळ एकल मैफलींवर जगणारे त्यांत अगदी थोडे. बाकीचे ऑर्केस्ट्रात वाजवतात, छोट्या वाद्यसमूहांत वाजवतात, ध्वनिमुद्रणं करतात आणि बहुतेक सगळे शिकवतात.

म्हणून या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. वादन आणि अध्यापन हे दोन वेगळे व्यवसाय नाहीत. वादन जमलं नाही म्हणून शिकवणं, हा विचार या क्षेत्रात शिरणाऱ्याने पहिल्या दिवशीच सोडून द्यावा. दोन्हींची तयारी एकदमच सुरू करावी.

यानोश स्टार्कर यांचं उदाहरण घ्या. जन्म १९२४, बुडापेस्ट. त्यांचे गुरू अडॉल्फ शिफर आणि शिफर यांचे गुरू डाव्हिड पॉपर, म्हणजे आपल्या शब्दांत सांगायचं तर पक्की गुरुपरंपरा. स्टार्कर स्वतः लहान होते तेव्हापासूनच त्यांच्याकडे शिष्य होते. महायुद्धातून वाचून ते १९४८ मध्ये अमेरिकेत गेले. डॅलसचा ऑर्केस्ट्रा, मग न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन ऑपेरा, मग १९५३ पासून शिकागो सिम्फनी, अशा तिन्ही ठिकाणी ते प्रमुख चेलोवादक होते. १९५८ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेले आणि २०१३ मध्ये निधन होईपर्यंत ब्लूमिंग्टन हेच त्यांचं गाव राहिलं. त्या काळात जगभरच्या मैफली आणि ध्वनिमुद्रणंही चालूच होती. शिकवल्यामुळे त्यांचं वादन मागे पडलं नाही. हात नेमका काय करतो हे शिष्याला शब्दांत सांगावं लागलं, म्हणून स्वतःचं तंत्रही त्यांना पुन्हा पुन्हा तपासावं लागलं.

वाद्य : माप, भाडं आणि आपली हवा

चेलो मुलाच्या मापाचा मिळतो : पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण. त्याहून लहान मापंही असतात. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मोठं वाद्य कधीही घेऊ नका. बोटं ताणून वाजवण्याची सवय एकदा लागली, की ती सुटायला वर्षं जातात. मूल वाढत असेपर्यंत भाड्याचं किंवा वापरलेलं वाद्य घेणं शहाणपणाचं. पूर्ण मापाच्या चेलोचं धड साधारण ७५ सेंटिमीटर लांब असतं. तेवढी उंची आणि हात आल्यावरच मोठा खर्च करावा, आणि तोही शिक्षकाने वाद्य वाजवून पाहिल्यानंतर.

पैसे मोजकेच असतील तर सगळे वाद्यात घालून गज साधा घेऊ नका. आवाजाचं वजन, उड्या मारणारे हलके स्वर, लांब श्वासाची ओळ, हे सारं गजातून येतं. गजाचे केस वर्षातून एकदा तरी बदलून घ्या. फार वाजवणारे सहा महिन्यांनी बदलतात.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात वाद्याला जपावं लागतं. चेलोचे भाग सरसाने जोडलेले असतात आणि दमटपणात सांधे सुटतात. सांधा सुटणं ही आपत्ती नाही. लाकूड तडकण्याआधी सांधा सुटावा, अशीच ती रचना असते. पण घरात मिळणाऱ्या गोंदाने तो चिकटवू नका, जाणकार कारागिराकडेच न्या. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर वाद्य सुखात असतं. एक साधं आर्द्रतामापक यंत्र पेटीत ठेवा. एसीच्या झोताखाली, भिंतीला टेकवून किंवा बंद गाडीत चेलो ठेवू नका. तारा पुसल्याशिवाय वाद्य पेटीत ठेवू नका, कारण राळेचा थर वॉर्निश खातो.

शिक्षक कुठे शोधावा

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्याला जोडून मुलांसाठी शिक्षणाचा उपक्रम आहे. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन १९९५ पासून मुंबईत पाश्चात्त्य संगीत शिकवतं. गोव्यात कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे. चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था २००९ पासून गोव्यातल्या वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो अशी वाद्यं शिकवते. गोव्यात तर चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन यांच्या आठ ग्रेडच्या परीक्षा आपल्याकडे देता येतात.

या परीक्षांचा उपयोग आहे. तारीख ठरते, तयारी होते, बाहेरचा परीक्षक ऐकतो. पण आठवी ग्रेड म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. परदेशी संगीतसंस्थेच्या प्रवेशाला येणारी मुलं बहुधा तिच्या बरीच पुढे गेलेली असतात. दरवर्षी फक्त परीक्षेच्या तीन रचना घोटून वरची ग्रेड गाठणारं मूल कागदावर पुढे जातं आणि हातात मागे राहतं.

घरात आधीपासून हिंदुस्तानी संगीत असेल तर ते भांडवल आहे. कान तयार असतो, पाठांतर पक्कं असतं, आस सांभाळायची सवय असते. अशा मुलाला तीन गोष्टी नव्याने कमवाव्या लागतात. पाहून थेट वाजवता येणं, हार्मनी समजणं आणि दुसऱ्यांबरोबर एका लयीत राहणं. चेलोचं लिखाण तीन वेगवेगळ्या क्लेफमध्ये येतं : बास, टेनर आणि ट्रेबल. लहानपणीच तिन्ही वाचायला लावा. मोठेपणी हे फार जड जातं.

रियाज : किती आणि कसला

व्यवसाय म्हणून वाजवायचं असेल तर पंधरा-सोळाव्या वर्षापासून रोज तीन-चार तास लागतात. पण एकाच बैठकीत नव्हे. पन्नास मिनिटं वाजवा, दहा मिनिटं वाद्य बाजूला ठेवा. बैठकीत चार गोष्टी याव्यात. मोकळ्या तारांवर लांब गज. स्वरसप्तकं, तीही तीन-चार सप्तकांत आणि वेगवेगळ्या गजांनी. एखादा अभ्यासपाठ. आणि मग रचना.

अभ्यासपाठांत डाव्हिड पॉपर यांचे ‘हायस्कूल ऑफ चेलो प्लेइंग’ या नावाचे ४० पाठ प्रत्येक गंभीर विद्यार्थ्याच्या वाटेत येतात. त्याआधी सेबास्टियन ली आणि द्युपोर यांचे पाठ येतात. रचनांमध्ये बाखच्या सहा सुइट्स जन्मभर पुरतात. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना या सुइट्सची प्रत १८९० मध्ये, तेराव्या वर्षी, बार्सिलोनातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली. अख्खी सुइट जाहीरपणे वाजवण्याआधी त्यांनी ती वर्षानुवर्षं घासली आणि सहाही सुइट्सचं ध्वनिमुद्रण १९३६ ते १९३९ या काळात केलं. सोळाव्या वर्षी बाख ‘बसवून संपवला’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

शरीराकडे दुर्लक्ष नको. डाव्या हाताचा अंगठा वाद्याच्या मानेला चिमटा काढत असेल, उजवा खांदा वर चढत असेल, तर त्याच दिवशी थांबा आणि शिक्षकाला दाखवा. दुखणं म्हणजे मेहनतीची खूण असं मानू नका. मुंग्या किंवा वेदना दोन-तीन दिवस टिकल्या तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा. ऑर्केस्ट्रात ब्रास वाद्यांच्या पुढ्यात बसायची वेळ आली तर संगीतकारांसाठीचे कानातले बोळे वापरा.

परदेशी संस्थेत प्रवेश

पदवीसाठी बहुतेकांना परदेशी जावं लागतं. त्यात पहिला नियम हा, की संस्थेच्या नावाआधी शिक्षक निवडा. चार वर्षं आठवड्यातून एकदा ज्याच्यासमोर बसायचं आहे तो माणूस तुमचा हात समजून घेणारा आहे का, हे महत्त्वाचं. अर्ज करण्याआधी त्या शिक्षकाला नम्र ईमेल लिहून एक तास मागा. ऑनलाइन चालेल, समोरासमोर झाला तर उत्तम. बरेच शिक्षक होकार देतात.

तारखा लवकर असतात. ब्रिटनमधल्या संगीतसंस्थांचे अर्ज यूकॅस कॉन्झर्वेटॉयर्समार्फत जातात आणि मुदत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे वर्ग सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी १ डिसेंबरपर्यंत अर्ज आणि सोबत व्हिडिओ मागतात. व्हिडिओत निवड झाली तरच प्रत्यक्ष ऑडिशन. म्हणून ध्वनिमुद्रण ऑगस्ट-सप्टेंबरात करा. पियानोची साथ खऱ्या माणसाची हवी, कॅमेऱ्यात दोन्ही हात आणि चेहरा दिसायला हवा आणि मध्ये कात्री लागता कामा नये.

खर्चाची धास्ती घेऊन अर्जच न करणं चुकीचं. फिलाडेल्फियातली कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून कुणाकडूनही शिक्षणशुल्क घेत नाही. तिथल्या जागा मात्र मूठभर. येल विद्यापीठाच्या पदव्युत्तर संगीतविद्यालयातही शिक्षणशुल्क नाही. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत ते बहुधा नसतं, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्याखाण्याचा खर्च आणि जर्मन भाषेची अट मात्र धरूनच चाला. जर्मनीचा विचार असेल तर भाषेचा वर्ग दहावीनंतर लगेच लावा.

ऑर्केस्ट्राची नोकरी

ऑर्केस्ट्राच्या चेलो विभागात साधारण आठ ते बारा वादक असतात. जागा कुणीतरी निवृत्त झाल्यावरच निघते आणि एका जागेला शेकडो अर्ज येऊ शकतात. ऑडिशनला एखाद्या कन्चेर्तोचा भाग वाजवायला सांगतात. हायडनचा डी मेजर आणि द्वोर्झाकचा बी मायनर हे नेहमीचे. पण निकाल बहुतेक वेळा लागतो तो ऑर्केस्ट्राच्या रचनांमधल्या निवडक तुकड्यांवर. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात तुमचा गातेपणा आणि लयीची शिस्त दाखवते. ब्राम्सच्या दुसऱ्या सिम्फनीचा दुसरा भाग लांब ओळ धरायची ताकद पाहतो. मेंडेल्सझोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं स्केर्त्सो गजाचा हलकेपणा तपासतं, तर रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’ची सुरुवात धाडस आणि सुरेलपणा एकाच वेळी मागते. हे तुकडे विद्यार्थिदशेतच पाठ करा, आणि पूर्ण रचना ऐकून करा. आजूबाजूला कोण काय वाजवत आहे हे ठाऊक असलेल्याचं वादन परीक्षकांना लगेच ओळखू येतं.

बऱ्याच ठिकाणी पहिल्या फेऱ्या पडद्याआड होतात. पायांचा आवाज येऊ नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही घालतात. तुमचं नाव, देश, पेहराव काही दिसत नाही. ऐकू येतो तो सूर, लय आणि आवाज. निवड झाल्यावरही परीक्षाकाळ असतो. जर्मनीत तो साधारण वर्षभराचा. त्या काळात शेजाऱ्याच्या गजाबरोबर गज ठेवणं, पुढच्याच्या खुणा पानावर नीट उतरवणं, वेळेआधी जागेवर असणं, हे सगळं पाहिलं जातं. पहिल्याच ऑडिशनला नोकरी मिळणं दुर्मीळ. अनेक नकारांची तयारी ठेवा आणि प्रत्येक ऑडिशनचं स्वतःचं ध्वनिमुद्रण करता येत नसलं, तरी त्याच संध्याकाळी काय झालं ते लिहून ठेवा.

भारतात व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच आहे, तो मुंबईचा, आणि त्यात परदेशी वादकांचं प्रमाण मोठं आहे. म्हणजे इथे राहून केवळ ऑर्केस्ट्रावर जगायचा बेत कच्चा ठरतो. याला आपल्याच शहराच्या इतिहासातला पुरावा आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन-चेलोच्या रांगा बसत, आणि त्यांत गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येने असत. पुढे सिंथेसायझर आणि बहुपदरी ध्वनिमुद्रण आलं आणि त्या रांगा विरळ झाल्या. वादकांची कला तीच होती, काम देणारी पद्धत बदलली. उत्पन्नाचा एकच झरा ठेवू नये, हा धडा त्यातून घ्यायचा.

वेगळी वाटही आहे. डच चेलोवादक सास्किया राव-द हास यांनी तरफेच्या तारा जोडून भारतीय चेलो घडवला आणि त्यावर रागसंगीत मांडलं. मूळच्या अमेरिकन नॅन्सी लेश यांनी डागर परंपरेचं धृपद चेलोवर आणलं. मींड आणि खर्ज चेलोला शोभतात. ज्याला दोन्ही परंपरा कळतात त्याला हे दार उघडं आहे. मात्र दोन्हींचं शिक्षण पुरतं घ्या, अर्ध्या तालमीवर ‘फ्यूजन’ करू नका.

शिकवणं कधी आणि कसं सुरू करावं

जॅकलिन द्यू प्रे यांचं नाव चेलोच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दहा वर्षांच्या असताना विल्यम प्लीथ यांच्याकडे शिकू लागल्या. प्लीथ स्वतः उत्तम वादक होते, चतुष्टयात वाजवत होते, आणि त्यांनी शिकवण्याला पूर्ण मान दिला. द्यू प्रे यांनी एल्गारचा कन्चेर्तो ध्वनिमुद्रित केला तो १९६५ मध्ये. तो ऐकताना त्यामागच्या शिक्षकाचं कामही आपल्या कानावर पडत असतं. पुढे १९७३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मल्टिपल स्क्लेरोसिसने द्यू प्रे यांचं वादन थांबवलं. तेव्हा त्याही शिकवू लागल्या. हात थांबले तरी ज्ञान दुसऱ्याच्या हातात उतरवता येतं, एवढं तरी यातून घ्यावं.

पहिला विद्यार्थी अठरा-एकोणिसाव्या वर्षी घ्या, पण आपल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली. सुरुवातीचे महिने महिन्यातून एकदा तरी शिक्षकाने तुमचा तास पाहावा. नवशिक्यांना शिकवणं सोपं असतं हा गैरसमज आहे. पहिल्या सहा महिन्यांत चुकीचा बसलेला गज पुढचा शिक्षक दोन वर्षं दुरुस्त करत बसतो.

पहिल्या तासांचा क्रम साधा ठेवा. आधी बसणं : खुर्चीच्या पुढच्या कडेवर, पाय जमिनीवर टेकलेले, खालचा दांडा योग्य उंचीवर. मग गज न धरता नुसती मोकळी तार छेडणं. मग गज. त्यानंतर डावा हात. पहिल्या जागेत पहिल्या आणि चौथ्या बोटात ‘सा’पासून कोमल गंधाराएवढं अंतर असतं. हात पसरला की ते शुद्ध गंधाराएवढं होतं. आपल्या मुलांना ते असं गाऊन दाखवा, बोटं आपोआप जागा शोधतात. प्रत्येक तासाला मुलाने काहीतरी गावं आणि शिक्षकाबरोबर काहीतरी मिळून वाजवावं. दोन चेलोंसाठी लिहिलेल्या सोप्या रचना भरपूर आहेत, आणि एकत्र वाजवण्याचा आनंद मिळालेलं मूल सहसा वाद्य सोडत नाही.

व्यवहार पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. शुल्क महिन्याच्या सुरुवातीला. तास चुकला तर काय, सुट्ट्या कधी, वाद्याची दुरुस्ती कुणाकडे, हे एका कागदावर लिहून पालकांना द्या. ओळखीचे म्हणून फुकट शिकवायचं असेल तर तसं ठरवून शिकवा. शुल्क सांगायचं राहून गेलं, असं होऊ देऊ नका. हात धरून दाखवायचा असेल तर आधी विचारा. लहान मुलांच्या तासाला पालक खोलीत असावा किंवा दार उघडं असावं. यात शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचंही रक्षण आहे.

शाळेत शिकवायचं असेल, विशेषतः मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत, तर वादनाच्या पदवीसोबत अध्यापनाचं प्रशिक्षण उपयोगी पडतं. विद्यापीठात शिकवायला परदेशात बहुधा पदव्युत्तर पदवी किंवा भक्कम वादनकारकीर्द लागते. कुठेही शिकवा, पण सकाळचे दोन तास स्वतःच्या रियाजासाठी राखून ठेवा आणि वर्षातून एक तरी मैफल स्वतःची करा. न वाजवणारा शिक्षक हळूहळू आठवणीवर शिकवू लागतो.

प्रवास, विमा आणि कागद

विमानात चेलोला स्वतःचं आसन घ्यावं लागतं. एरवी तो भक्कम फ्लाइट केसमध्ये सामानात द्यावा लागतो, आणि मौल्यवान वाद्य असं कुणी देऊ नये. तिकीट काढण्याआधी कंपनीशी बोलून लेखी होकार घ्या. वाद्याचा विमा काढा, त्यात प्रवास येतो का ते वाचा. गज ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाचा असेल तर २००७ पासून त्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे, आणि नियम बदलत असतात. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंतही असू शकतं. खरेदीची पावती आणि साहित्याची माहिती जपून ठेवा, प्रत्येक परदेशप्रवासाआधी ताजे नियम पाहा.

या वर्षी काय करायचं

दहा ते चौदा वयाच्या मुलांनी योग्य मापाचं वाद्य, नियमित शिक्षक आणि एखादा बालवाद्यवृंद एवढं साधलं तरी पुरे. पंधरा ते सतरा वयात पॉपर आणि बाख रोज, हार्मनीचा अभ्यास, एखादी परदेशी भाषा आणि वर्षातून दोन जाहीर वादनं. अठराव्या वर्षी शिक्षकांची यादी, पत्रं, ध्वनिमुद्रण आणि अर्ज. पालकांनी यात एकच करावं. पाच आणि दहा वर्षांनी आपलं मूल कुठे असेल हे विचारण्याऐवजी, या महिन्यात ते कुणाबरोबर वाजवत आहे हे विचारावं. चेलो एकट्याने फार काळ टिकत नाही.

आणि वाजवणाऱ्यांना सांगायचं तर, प्रवेशपरीक्षेचा अर्ज ज्या वर्षी भराल त्याच वर्षी पहिला विद्यार्थीही घ्या. परीक्षेचा निकाल काहीही लागो, चेलोवादक म्हणून तुमचं काम त्याच दिवसापासून सुरू झालेलं असेल.